दुरून वाचायची अक्षरं

बाबूजी रस्ता उलटे ओलांडत. पाठ पलीकडे आणि तोंड आमच्या घराकडे, असं एकेक पाऊल मागे टाकत जायचे. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत असलेले. तिरोड्याच्या आमच्या रस्त्यावरून धानाचे ट्रॅक्टर जातात, विजेच्या प्लांटवर कामाला जाणाऱ्या मोटारसायकली जातात, म्हशी जातात. सगळे त्यांच्यासाठी थांबत. कोणी हसे, कोणी शिवी हासडे.

"बाबूजी, मागं पाहा जी! मराचं हाये का?"

बाबूजींचं लक्ष आमच्या दारावर टांगलेल्या पाटीकडे असे. पाटीत बारीक बारीक लाल बत्त्या होत्या आणि त्यातून एखादंच अक्षर पेटलेलं असे. पलीकडे सायकल दुकानाचा ओटा आहे. त्याला टाच लागली की ते थांबत आणि तिथून ओरडत, "वाचता येते!" नाहीतर काहीच न बोलता मान खाली घालून सरळ चालत परत येत. तसे आले की समजायचं, आज जेवण उशिरा होणार.

ते आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत सहा वर्षं भाड्यानं राहिले. मूळचे केशोरीकडचे, घरी धानाची शेती, पण यांचं मन शेतीत लागलं नाही. काम म्हणजे लाल अक्षरांच्या पाट्या दुरुस्त करणं. दुकानावर, दवाखान्यात, मंदिरात ज्या पाट्यांवर अक्षरं उजवीकडून डावीकडे पळत जातात, त्या. पण दुरुस्ती नावाला. खरं काम होतं अक्षरं करण्याचं. कागदावर चौकड्या आखायच्या, कोणती चौकट काळी करायची आणि कोणती कोरी ठेवायची ते ठरवायचं, की झालं अक्षर. मग ते एका जुन्या कॉम्प्युटरात भरायचं आणि तिथून पाटीत. एक चौकट म्हणजे एक बत्ती. सांगायला एवढंच आहे. यात माणसाची सहा वर्षं कशी जातात, असं मलाही तेव्हा वाटायचं.

लग्न केलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलंच, "काऊन नाही केलं जी बाबूजी?"

"आधी मात्रा तं बसू दे, मावशी," ते म्हणाले.

त्यांचे सगळे शर्ट चौकडीचे. साधा शर्ट त्यांनी कधी घातला नाही. बसमध्ये बसले, कोणाकडे वाट पाहत बसले, आणि एखादं अक्षर सुचलं की पेन काढून बाहीवरच्याच चौकड्या भरत. दोरीवर वाळत घातलेले त्यांचे शर्ट पाहिले की खिशावर ट, कॉलरजवळ अर्धा भ, पोटावर तीन प्रकारचे ध दिसत. धुऊन फिके झालेले, पण पूर्ण न गेलेले. एक शर्ट त्यांनी पंधरा दिवस धुतला नाही. त्याच्या बाहीवर ठ होता आणि तो अजून कागदावर उतरवायचा होता. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसायच्या. त्या म्हणाल्या, "बाबूजी, तुमच्या ठ ले वास येऊन रायला."

बाबूजींनी बाही नाकाला लावली. "हो जी," म्हणाले, आणि तसेच आत गेले.

पाट्या बाहेरून तयार येतात, त्यांच्यासोबत अक्षरंही येतात. पण ती करणाऱ्यांना आपली अक्षरं येत नसावीत. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर काही नसतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा असते, वेलांटी असते, पायात उकार असतो. तेवढी जागा धरली नाही तर डोकं कापलं जातं नाहीतर पाय. एका राईस मिलच्या पाटीवर तांदूळ असा शब्द पळायचा. त्याचं टिंब वर कापलेलं, आणि दू चा ऊकार खाली कापलेला. बाबूजी भर रस्त्यात उभे राहून मालकाला म्हणाले, "सेठ, तुमच्या तांदुराची मुंडी बी गेली अन् पाय बी गेले. हे प्रेत कायले फिरवून रायले?"

सेठ म्हणाले, "अरे बाबूजी, लोग समझ लेते हैं."

"समजून घेते म्हणून काहीबी दाखवाचं का?"

आठ दिवसांनी त्यांनी न सांगता, न मागता त्या पाटीतली अक्षरं बदलून दिली. सेठला फरक कळला नाही. बाबूजी मात्र दोन दिवस त्या मिलसमोरून उगाच चकरा मारत होते.

माझ्याशी ते पहिलं वर्ष बोललेच नाहीत. दोष त्यांचा नव्हता. मी परक्या माणसासमोर येत नसे. चहा नेला तर उंबऱ्यावर ठेवायचा, बांगड्या वाजवायच्या आणि मागे फिरायचं, अशी माझी रीत. आमचे हे ट्रकवर असत, महिन्यातून चार-पाच दिवस घरी. घरात मी आणि सासूबाई. बोलायची सवयच नव्हती.

बोलणं झालं ते भिंतीवरच्या सुस्वागतममुळे. लग्नाआधी मी दसुतीच्या कापडावर लाल लोकरीनं फुलीचा टाका घालून ते भरलं होतं. काच बसवून ओसरीत लावलं होतं. प्रत्येकाच्या घरात असतं तसं. एक दिवस बाबूजी पाण्याचा तांब्या मागायला आले आणि तिथेच उभे राहिले. बोटानं काचेवर काही मोजत होते. तांब्या हातात तसाच. पाणी थोडं सांडलं.

"हे कोनं केलं?"

"सुनेनं," सासूबाई म्हणाल्या. "काऊन जी?"

"तिले विचारा, वरच्या रेघेले दोन घरं काऊन देल्ले? नमुन्याच्या पुस्तकात एकच असते."

मी दाराआड होते. सासूबाईंनी वळून पाहिलं. मला उत्तर ठाऊक होतं, आणि हीच अडचण होती. ठाऊक नसतं तर गप्प राहिले असते.

"एकाच घराची रेघ दुरून दिसत नाही जी," मी दाराआडूनच म्हटलं. "अक्षरं सुटी सुटी लोंबकळल्यासारखी वाटतात."

बाहेर मांडीवर जोरात थाप बसल्याचा आवाज आला. "मावशी," बाबूजी म्हणाले, "मी तीन महिन्यांपासून हेच शोधून रायलो होतो!"

मी आत जाऊन चुलीपाशी बसले. पोळी करपली तरी माझं लक्ष नव्हतं. मला येणारं काही मला कोणी विचारलं, असं त्याआधी झालं नव्हतं.

त्यानंतर ते चौकड्यांचा कागद ओसरीवर ठेवून जायचे आणि मी त्यावर काय वाटतं ते सांगायची. आधी दाराआडून, मग दारात उभी राहून, मग ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून. हे सरकणं पूर्ण व्हायला दोन वर्षं लागली.

अक्षर जुळवताना ते कागदावर घाई करत नसत. एका फळीवर त्यांनी चौकड्या कोरल्या होत्या, उभ्या सोळा. त्यात लाखोरीचे, म्हणजे लाखेच्या डाळीचे, अख्खे दाणे मांडायचे. वरच्या चार ओळी मात्रा-वेलांटीच्या, खालच्या तीन उकाराच्या, मधल्या नऊ अक्षराच्या. चौकटीला ते चौकट म्हणत नसत, बांधी म्हणत. आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. दाणा ठेवला म्हणजे रोवणा केला, धानाची लावणी करतात तसा, रिकामी सोडली म्हणजे पडीत. "ही बांधी पडीत ठेव, पाणी जाऊ दे आतून," असं ते ब च्या पोटाबद्दल बोलत. शेती सोडून आलेल्या माणसानं खोलीत बसून रोज रोवणा करावा, याचं सासूबाईंना फार हसू येई.

एकदा फळी उन्हात ठेवून ते हात धुवायला गेले आणि आमची तांबडी कोंबडी वर चढली. परत आले तर फळीवर अर्धा ख उरला होता.

"मावशी! तुमच्या कोंबडीनं माझा ख खाल्ला!"

"तं दुसरा मांडा ना जी. दानेच तं हायेत."

"दाने हायेत, पन कोनते खाल्ले ते तिले मालूम हाये का?"

मग ते फळीकडे पाहत राहिले. दोन पावलं मागे गेले. चार पावलं गेले. "थांबा," म्हणाले, "आठ दाने कमी झाले तरी ख दिसून रायला!" त्या दिवशी त्यांनी कोंबडीला मूठभर तांदूळ टाकला.

तेव्हापासून त्यांचा तोच नियम झाला. अक्षर पूर्ण मांडायचं, मग एकेक दाणा काढत जायचं. "अक्षर मरतवरी टिपके काढाचे, बाई. मेलं का मंग एक टिपका परत ठेवाचा. तेवढंच त्याचं अंग. बाकीचं सूज."

त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता, कारण त्याच्या पडद्यावरचे ठिपके दिसत. त्यांचा पुतण्या नागपूरला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तो आला की म्हणायचा, "काका, आता कुठे राहिले ठिपके? आता अक्षर कसंही गुळगुळीत येते. शहरात मुलं अशी अक्षरं मुद्दाम मागतात, टी-शर्टवर, गेमवर, जुनं दिसावं म्हणून."

बाबूजींनी फळीवरून मान वर केली नाही. "म्या जुनं दिसाले नाही केले रे बाबू. दिसाले केले."

आता मी माझी लाज सांगते. मी चौथी शिकले. चौथीपुढची शाळा नाल्यापलीकडे होती, पावसाळ्यात मुली जात नसत, आणि मग उन्हाळ्यातही गेल्या नाहीत. मला वाचता येतं, पण हळू. एकेक अक्षर ओठांनी चाखल्याशिवाय पुढचं येत नाही. दवाखान्यात कोणी कागद पुढे केला की मी म्हणायची, चष्मा घरी राहिला. मला चष्मा कधीच नव्हता.

बाबूजींना ते कळलं. एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्यांनी मला सायकल दुकानाच्या ओट्याजवळ उभं केलं आणि पाटी सुरू केली. शब्द पळायला लागले. मी ओठ हलवत होते, दोन अक्षरं वाचली की चार निघून जात होती. दुकानातली माणसं पाहत होती. माझे डोळे भरून आले. मी पदर तोंडावर घेऊन घराकडे निघाले.

ते रस्त्याच्या मधोमध आडवे आले. "काऊन चालली?"

"मला नाही येत जी. दुसऱ्या कोणाला बोलवा. शिकलेल्याला."

"शिकलेले नाही पायजे मले," ते म्हणाले. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या होत्या आणि त्यांना पर्वा नव्हती. "शिकलेला मानूस अर्धा शब्द पायते अन् बाकीचा अंदाजानं सांगते. मी खराब अक्षर केलं तरी वाचते. तू नाही वाचत. तू अक्षरच वाचते. तुले वाचता आलं तं समजाचं, अक्षर झालं."

मागून एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "बाबूजी, शाळा घरी भरवा ना!"

"तुलेच शिकवून रायलो, बे!" बाबूजी ओरडले.

मी घरी आले आणि खूप वेळ हातातलं काम हातातच राहिलं. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर खोटं बोलले, तीच गोष्ट त्या माणसाला हवी होती.

मग धान खरेदी केंद्राच्या पाटीचं काम आलं. केंद्रावर ज्याचा नंबर लागला त्याचं नाव पाटीवर येत असे. पाटी बसवली होती, नावं मात्र इंग्रजी अक्षरांत पळत. गावोगावचे लोक पोत्यांवर बसून राहत, आपलं नाव डोक्यावरून निघून गेलं तरी त्यांना कळत नसे, नंबर जायचा, परत मागे. बाबूजींनी हे पाहिलं आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत सगळी अक्षरं करून देतो. एखाद-दुसरा शब्द नाही, सगळी. कोणाचंही नाव येऊ शकत होतं ना.

त्याच वर्षी पावसाळ्यात मला दिसलं की ते दाणा बांधीत न ठेवता बांधावर ठेवतात. आधी वाटलं, विचारात असतील. मग एक दिवस त्यांनी चहा कपाच्या बाजूला ओतला आणि कप उचलून तोंडाला लावला. रिकामा. मी पाहिलं हे त्यांना कळलं.

"मावशीले नोको सांगू," ते म्हणाले.

"डॉक्टरकडे गेले होते का जी?"

"गेलो होतो. उजवा डोरा गेला. डावा जाऊन रायला. साखर हाये मले, म्या पाहलं नाही." मग म्हणाले, "जाऊ दे. पन दिवाळीपर्यंत रायला पायजे."

तिथून आमचं घर बदललं. ते खाटेवर बसून सांगत आणि मी फळीवर दाणे मांडायची. मग कागदावर उतरवायची, मग ते कागद डोळ्याला चिकटवून कॉम्प्युटरात भरत. सासूबाईंना मी सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं. त्यांनी खोलीच्या दारातला उंच दगड एक दिवस स्वतः उचलून बाजूला टाकला.

शेजारची एक बाई म्हणाली, "तुमची सून दिवसभर त्यायच्या खोलीत असते म्हंते." सासूबाईंनी सुपातला तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. "हो," म्हणाल्या, "रोवना चालू हाये. तू येते का हात लावाले?"

क झाला, ग झाला. ज्ञ ला नऊ दिवस लागले. श्र झाला तेव्हा बाबूजींनी खाटेवरून उठून नाचल्यासारखं केलं आणि ते खाटेच्या पायाला अडखळले. ळ तेवढा राहत गेला. दोन गोल आणि मधे जोड, एवढंच तर आहे. पण गोल मोठे केले तर तो पसरायचा आणि शेजारच्या अक्षराला धक्का द्यायचा. लहान केले तर पोटं बुजून दोन डाग दिसायचे. आमच्याकडे बोलताना ळ कोणी म्हणत नाही. डोळ्याला डोरा म्हणतो, जवळला जवर. बाबूजी हसायचे, "आपल्या तोंडात बसत नाही तो बांधीत कसा बसंल, बाई?"

नवरात्रात पुतण्या आला. त्यानं काकांना भिंतीला हात लावत चालताना पाहिलं आणि त्याच दिवशी सामान बांधलं. नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. बाबूजी भांडले. "एकच अक्षर रायलं रे!"

"काका, एका अक्षरानं काय होते?"

"एकाच्या नावात असते ते!"

पण त्यांना जावं लागलं. जाताना त्यांनी फळी आणि लाखोरीचा डबा उंबऱ्यावर ठेवला, जिथे मी त्यांचा चहा ठेवायची तिथे.

"ळ तू कर."

"मला एकटीला नाही जमणार जी."

"चौथीच्या पुस्तकात ळ होता ना?"

"होता."

"मंग?"

गाडी निघाली. त्यांनी हात हलवला, पण आम्ही उभ्या होतो त्या बाजूला नाही.

मी वीस-बावीस ळ केले. फळीवर सगळेच बरे दिसायचे. पण जवळून बरा दिसतो म्हणून काही उपयोग नव्हता. मग एका दुपारी मी कागदावर काळ्या चौकड्या भरून तो दारावरच्या खिळ्याला लावला आणि रस्ता ओलांडायला निघाले. आधी सरळ चालत गेले, पलीकडे पोचून वळून पाहिलं. ळ मेलेला होता. पण कुठे मेला ते कळेना. परत आले. मग पदर खोचला आणि उलटी चालायला लागले. तेव्हा मला कळलं ते उलटे का चालत. पाठ फिरवून गेलं तर अक्षर कोणत्या पावलाला मेलं ते दिसत नाही. एक मोटारसायकल माझ्यासाठी थांबली. सायकल दुकानातला माणूस हसला. मी, जी परक्यासमोर येत नसे, भर रस्त्यात डोळे अर्धे मिटून उभी होते.

"आता ही बी गेली," सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. मग उठून रस्त्याच्या कडेला आल्या आणि हात आडवा करून येणारा ट्रॅक्टर थांबवला. "थांब रे. सून वाचून रायली."

तिसऱ्या दिवशी ओट्याला टाच लागली तरी ळ जिवंत होता.

पण बाबूजींना दाखवायचा कसा? डावा डोळाही गेल्याचं पुतण्यानं फोनवर कळवलं होतं. मी पेटीतून दसुतीचं कापड काढलं, जाड लोकर घेतली आणि तो ळ भरला. फुलीचा टाका जाड लोकरीनं घातला की बोटाला उंच लागतो. भरलेली बांधी लागते, पडीत लागत नाही. पुतण्या उरलेलं सामान न्यायला आला तेव्हा त्याच्याजवळ दिला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "वहिनी, काका सकाळपासून त्या कापडावर बोट फिरवून राहिले. जेवले नाही. घ्या, बोला."

मी फोनवर कधी धड बोलले नव्हते. "हलो जी."

"बाई," बाबूजी म्हणाले, "उजव्या पोटाच्या खाली एक टिपका जास्त हाये."

"हो का जी?"

"काढून पाह. मरते का?"

"नाही मरत जी."

"तू काढून पाहला होता?"

"हो जी."

"मंग ठेवला काऊन?"

तो ठिपका जास्त आहे हे मला तिसऱ्या दिवशीच रस्त्यावर दिसलं होतं. पण सगळं बरोबर करून पाठवलं असतं तर ते बरोबर आहे म्हणाले असते आणि फोन ठेवला असता. त्यांना काढायला एक ठिपका राहू द्यावा, असं मला वाटलं होतं. हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नागपूरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "कोंबडी हाये का?"

"हाये जी."

"तिले म्हनाव, ख चांगला झाला."

पुतण्यानं तो ळ एक ठिपका कमी करून पाटीत भरला. दिवाळीनंतर केंद्र सुरू झालं. आमची अर्धेलीची थोडी शेती आहे, ते धान घेऊन मी आणि सासूबाई गेलो. माणसं पोत्यांवर बसली होती. वर बाबूजींची अक्षरं पळत होती, डोकी आणि पाय शाबूत. माझ्या शेजारच्या पोत्यावर एक म्हातारी बाई होती. तीही माझ्यासारखीच वाचत होती, ओठांनी. एक नाव आलं. तिनं क म्हटलं. म म्हटलं. आणि थांबली. पाटीवर कमळाबाई लिहिलं होतं.

अक्षर सरकत चाललं होतं.

"रा," ती म्हणाली. "कमराबाई. माय वो, हे तं माझंच नाव!" आणि पदर सावरत, पोत्यांना धक्के देत ती काट्याकडे पळाली.

हे बाबूजींना सांगायचं होतं. नंबर माझ्याकडे होता. आज करू, उद्या करू असं करत राहिले. आपण कशाला फोन करायचा, तेच करतील कधी, पुतण्या काय म्हणेल. माझा तो जुना स्वभाव. पाटीसमोर रस्त्यात उभी राहिले, पण फोनचं बटण दाबायला लाजले. माघ महिन्यात पुतण्याचाच फोन आला. बाबूजी गेले होते.

त्यांच्या वस्तूंतून त्यानं ते कापड मला परत आणून दिलं. उजव्या पोटाखालची एक फुली त्यात नाही. बाबूजींनी नखानं उसवून काढली होती. लोकर ओढलेल्या जागी चार बारीक भोकं राहिली आहेत.

केंद्रावर पुढच्या वर्षी मोठा गुळगुळीत पडदा लागला. नावं आता फोटोसारखी येतात. चांगली येतात. ती जुनी पाटी कुठे गेली, मी विचारलं होतं, कोणाला माहीत नव्हतं.

ळ मी सुस्वागतमच्या बाजूला लावला नाही. दारावरच्या त्याच खिळ्याला असतो, पाऊस नसला की. कधी दुपारी रस्ता मोकळा असला की मी पदर खोचते आणि उलटी चालायला लागते. दारापाशी ती चार भोकं स्पष्ट दिसतात. रस्त्याच्या मधे येईपर्यंत दिसतात. मग पुसट होतात. ओट्याला टाच लागते, मी डोळे अर्धे मिटते. तिथून भोकं नाहीत, काही नाही. फक्त ळ असतो.

"वाचता येते जी," मी म्हणते. मोठ्यानं.